चंद्रीचा खुराक

चंद्रीला जिलेबी मी घातली, हे आधीच सांगून टाकतो. तीही एखाद-दुसरं वेढं नाही. दोन मोठी पातेली जिलेबी आणि वर अर्धी बादली पाक.

खंडेनवमीचा दिवस होता. महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीत त्या दिवशी यंत्रांना झेंडूच्या माळा घालतात आणि माणसांना मसालेभात, पुरी, मठ्ठा, जिलेबी. केटररने पानं मोजताना बहुतेक यंत्रांनाही धरलं असावं, कारण घरोघरी पुडे बांधून दिले तरी जिलेबी उरलीच. मी नुकताच प्रशासन विभागाचा मॅनेजर झालो होतो. कंपनीत ज्या ज्या गोष्टीला वास येतो, ती ती प्रशासनाकडे असते. त्यात कँटीनच्या मागची बायोगॅसची टाकी होती. टाकीत खरकटं घातलं की गॅस होतो आणि त्या गॅसवर दुपारचा चहा होतो, एवढं मला ठाऊक होतं. मग साध्या भातावर जर चहा होत असेल तर जिलेबीवर काय होणार नाही, असा विचार करून मी खरकट्याच्या चलनावर लिहिलं, ‘सर्व गोड पदार्थ टाकीत’, आणि खाली झोकात सही केली. नव्या मॅनेजरची सही जरा मोठीच असते.

दसऱ्याची सुट्टी गेली. त्यानंतरच्या सकाळी कँटीनचा आचारी माझ्या केबिनमध्ये आला आणि म्हणाला, “साहेब, शेगडी पेटत नाही. आणि मागे जाऊन उभं राहवत नाही.”

मी मागे गेलो. टाकीची लोखंडी टोपी, जी गॅस भरला की वर उचलली जाते, ती बसकण मारल्यासारखी खाली गेली होती. टाकीशेजारी एक साठीकडे झुकलेला, काटकुळा माणूस उभा होता. कंपनीचा करडा गणवेश, डोक्याला गांधी टोपी आणि तिच्यावर पिवळं हेल्मेट. त्याने लोखंडाला कान लावला होता. मी खाकरलो, तर त्याने हात वर करून मला गप्प केलं. मग टाकीतून बाहेर पडणाऱ्या, शेणकाल्यासारख्या रबडीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि टाकीलाच विचारलं, “कुणी घातलं गं तुला?”

हे महादूतात्या. निघोज्याचे. नवमीला घरच्या घटांसाठी ते सुट्टीवर होते, नाहीतर माझं चलन त्यांनी तिथल्या तिथे टाकीत घातलं असतं. आणि ‘चंद्री’ हे टाकीचं नाव आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

मूळ चंद्री म्हणजे तात्यांची शेवटची म्हैस. पूर्वी त्यांच्याकडे नऊ म्हशी होत्या आणि त्यांचं दूध पहाटे चिंचवडला जायचं. मग रानात कंपन्या उभ्या राहिल्या, चराई संपली, म्हशी एकेक करून गेल्या आणि तात्या कंपनीत लागले. आधी त्यांना बागेत घेतलं होतं. टाकी बांधली तेव्हा तिच्याजवळ नाकाला रुमाल न लावता उभा राहणारा माणूस शोधत होते. सगळ्या कंपनीत एकच सापडला.

तात्यांची एक सवय सगळ्यांना माहीत होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते स्वतः जेवत नसत. जिथे लोक ताटातलं उरलंसुरलं बादलीत टाकतात, तिथे हाताची घडी घालून उभे राहायचे आणि प्रत्येक ताट वाचायचे. “माणूस खोटं बोलतंय, ताट न्हाई बोलत,” हे त्यांचं आवडतं वाक्य. पेंट शॉपच्या सुपरवायझरने सलग तीन दिवस पोळी टाकली, तर तात्या त्याला बाजूला घेऊन म्हणाले, “दाढ दुखती व्हय? दावून ये.” खरंच दाढ होती. एका ट्रेनी इंजिनिअरच्या ताटात नुसता भात राहायला लागला, तर म्हणाले, “पोरी, घरची आठवण येत आसंल तर सुट्टी टाक, चंद्रीवर राग काढू नको.”

माझं ताट ते फार आदराने बघायचे. माझी बायको वसुधा शाळेत गणित शिकवते, आणि सकाळी सहाला उठून मला डबा देते. सोमवारी मेथी, मंगळवारी लाल माठ, बुधवारी शेपू. गुरुवारी काय हे सांगत नाही, पण तेही हिरवंच असतं. मी डब्यातली पोळी कँटीनच्या बटाट्याच्या रश्शाबरोबर खायचो आणि भाजी सन्मानपूर्वक बादलीत घालायचो. कोणी पाहिलंच तर म्हणायचो, “बायको जास्तच देते हो.” तात्या मान डोलवायचे. “सायेब, तुमच्या घरचं तिला लई सोसतं,” म्हणायचे.

तर, चंद्री आंबली होती. तिसऱ्या दिवशी प्लांटच्या मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेब वाईट नाहीत, पण त्यांना न चालणारी वस्तू डोळ्यांसमोर नको असते. त्यांनी विचारलं, “टाकीत काय गेलं?”

मी पेनाचं टोपण उघडलं आणि बंद केलं.

तात्या म्हणाले, “म्हस हाय, सायेब. राखणारा नसला की दावं तोडून खाती. मी सुट्टीवर व्हतो, ती माझी चूक.”

“टाकी दावं कशी तोडेल, तात्या?”

“नवमीचं जेवण व्हतं. वास आला आसंल.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. मग ठरवून टाकलं. महिनाअखेरीला हेड ऑफिसची माणसं येणार होती. तोपर्यंत शेगडी पेटली तर ठीक, नाहीतर टाकी भंगारात, खरकटं बाहेरच्या गाडीला आणि तात्या गेटवर. मी टोपण पुन्हा उघडून बघितलं. आत काहीच नव्हतं.

बाहेर आल्यावर तात्या एवढंच म्हणाले, “गेटवर माणसं मोजायची असत्यात. मला न्हाई जमायचं. माणसं हलत्यात.” मग जरा वेळाने, चालता चालता, “चंद्री हालत न्हाई, म्हणून बरी.” मूळ चंद्रीला, त्या म्हशीला, टेम्पोत चढवलं तेव्हा ते घरात नव्हते, मुद्दाम नव्हते, असं आचाऱ्याने मला नंतर सांगितलं. या खेपेला त्यांना समोर उभं राहून बघावं लागणार होतं. आणि माझी सही असलेलं चलन कुठल्यातरी फाइलीत शांत झोपलेलं होतं.

त्या आठवड्यात टाकीची तपासणी करायला भोसरीच्या प्रयोगशाळेतून अनघा मॅडम आल्या. जिवाणूशास्त्राच्या. तिशीच्या, पाठीवर सॅक, बोलायला स्पष्ट. त्यांनी बाटलीत नमुना घेतला, तेवढ्यात तात्या म्हणाले, “मॅडम, रिपोट मी सांगू का? तीन वास हाईत. एक चायनीजच्या गाडीवरच्या बाटलीचा. एक घामेजल्या बनियनचा. आन तिसरा खवट लोण्याचा. लोणी लई वाढलंय.”

मॅडमनी बाटलीचं झाकण लावलं आणि तात्यांकडे नीट बघितलं. “ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक,” त्या म्हणाल्या. “तिन्ही बरोबर. माझं यंत्र याला अर्धा दिवस घेतं.”

पुढे अर्धा तास त्या दोघांचं जे बोलणं झालं, ते मी टाकीच्या कट्ट्यावर बसून ऐकलं, आणि माझं उरलेलं आयुष्य त्या कट्ट्यावर थोडं वळलं असं म्हणायला हरकत नाही.

तात्यांचं म्हणणं असं की, म्हैस गवत खातच नाही. “ती नुसती घालती. खाणारी मंडळी आत बसल्यात. ती गवत आंबावत्यात, आन त्यांचं ते आंबट म्हस पिती. त्याच्यावर ती जगती, दूध देती. आपण म्हणतो म्हस चरली. चरलं कोण, आतलं.” टाकीतही तसेच दोन भाऊबंद असतात. आंबवणारे हावरट आणि झपाट्याचे. त्यांच्या आंबटाचा गॅस करणारे संथ आणि मानी. रोजचं खरकटं आलं तर दोघांचं जमतं. एकदम गोड ओतलं की पहिले तुटून पडतात, आंबट साठतं आणि दुसरे गुदमरून रुसून बसतात. “घरात बी तसंच असतंय,” तात्या म्हणाले. “एक भाऊ लई कमवाय लागला की दुसरा जेवायला येत न्हाई.”

मॅडम हसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “साहेब, हीच तीन आम्लं आत्ता तुमच्याही पोटात तयार होत असतील. म्हणजे, तुम्ही त्यांच्यासाठी काही पाठवत असाल तर.”

मी सावध झालो. कारण त्याच महिन्यात कंपनीच्या आरोग्य तपासणीत माझी तीन महिन्यांची साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, नाहीतर गोळी सुरू. वसुधाला मी ‘नॉर्मलच्या आसपास’ असं सांगितलं होतं. आसपास हा शब्द गणिताच्या बाईंना सांगू नये, हे मला कळायला हवं होतं.

मॅडमनी समजावलं ते मला कळलं तसं लिहितो. आपण खातो त्यातली साखर, मैदा, पांढरा भात बहुतेक वरच्यावर, लहान आतड्यातच रक्तात जातो. पण देठ, साल, कोंडा, डाळीकडधान्यांचा काही भाग, शिळ्या भाकरीतला थोडा स्टार्च, हे आपल्याला पचत नाही. ते खाली मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे चंद्रीसारखाच अंधार, हवा नाही, आणि अब्जावधी जिवाणू वाट बघत बसलेले. ते त्याला आंबवतात आणि त्यातून ही छोटी आम्लं निघतात. खवट लोण्याच्या वासाचं जे ब्युटिरेट, त्याच्यावर मोठ्या आतड्याचं अस्तर जगतं. त्या पेशींचं ते रोजचं जेवणच. प्रोपिओनेट बरंचसं यकृताकडे जातं. ॲसिटेट रक्तातून अंगभर फिरतं. आणि जाता जाता ही आम्लं आतड्यातल्या काही पेशींना निरोप देतात की खाणं पोचलं. मग त्या पेशी हार्मोन सोडतात, पोट भरल्याचं मेंदूला कळतं आणि साखर सांभाळायच्या कामात इन्सुलिनला जरा मदत होते.

“मग हे आंबट टाकीला मारतं आणि आपल्याला तारतं, असं कसं?” मी विचारलं. मला वाटतं, मॅनेजर झाल्यापासून मी विचारलेला हा पहिला बरा प्रश्न.

“कारण टाकीची भिंत सिमेंटची आहे,” मॅडम म्हणाल्या. “आतड्याची भिंत पिते. साठू देत नाही.”

“आन वरनं काहीच न्हाई आलं तर? खालची मंडळी काय करत्यात?” तात्यांनी विचारलं.

“उपाशी राहिली तर आतड्याच्या भिंतीवर जो बुळबुळीत थर असतो, तोच खायला लागतात.”

तात्यांनी मोठ्या समाधानाने मान हलवली. “म्हंजी उपाशी म्हस गव्हाण कुरतडती, तसंच.” मग माझ्या पोटाकडे, त्याच्या चांगल्या सुटलेल्या घेराकडे बघून म्हणाले, “सायेब, तुमची तर गव्हाणच दिसती आतनं. वरनं एवढं जातंय, खाली कुणाला कायबी पोचत न्हाई.”

जाताना मॅडमनी एक गोष्ट बजावली. हे काही जादूचं औषध नाही. माणसागणिक आतली वस्ती वेगळी, परिणाम वेगळा, संशोधन अजून चालू आहे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सोडायचं नाही. यातलं मी नेमकं काहीच ऐकलं नाही. मला कळलं होतं ते एवढंच की पोटात कारखाना आहे आणि तो कच्च्या मालावाचून बंद पडलाय. कच्चा माल पुरवणं हे तर प्रशासनाचं काम.

त्या संध्याकाळी मी इसबगोलाचा डबा, कोंड्याचं एक पाकीट आणि अर्धा किलो राजमा घेऊन घरी गेलो. वसुधा म्हणाली, “कोणी येणार आहे का?” मी म्हणालो, “आत आहेत.” रात्री राजमा, सकाळी भिजवलेले हरभरे, वर दोन चमचे कोंडा आणि ग्लासभर इसबगोल. दुपारी ग्राहक कंपनीच्या तपासणी पथकाबरोबर बैठक होती.

जे झालं ते थोडक्यात सांगतो. हॉलमधला प्रोजेक्टर जुना होता आणि त्याचा पंखा घरघर करायचा. पहिला पाऊण तास त्या पंख्याने माझी अब्रू राखली. मग कुणीतरी प्रोजेक्टर बंद केला. त्यानंतरच्या शांततेत, पथकाचे मुख्य, वयस्कर गृहस्थ, गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “कॉम्प्रेसर लीक आहे का कुठे?” आमच्या मेंटेनन्सवाल्याने माझ्याकडे बघून सांगितलं, “आहे सर. जुना आहे. बघतो.” तपासणीच्या अहवालात ते आलं. आजही ती नोंद उघडी आहे.

तात्यांना ही बातमी माझ्या आधी पोचली होती. मी टाकीपाशी गेलो तर त्यांनी फक्त कट्ट्यावर जागा केली. नंतर म्हणाले, “गॅस तरी धरायचा व्हता. चहा झाला आसता.” मी हसलो नाही, तसे ते जवळ सरकले. “सायेब, नव्या म्हशीला बी वैरण बदलायची तर मूठ मूठ बदलत्यात. आतल्या मंडळींची वळख व्हायला लागती. कालपर्यंत जिलेबी, आन आज एकदम हरभरा? आतली म्हणत आसतील, ह्यो कोण नवा मॅनेजर आलाय.”

जिलेबी हा शब्द त्यांनी माझ्या पोटाबद्दल वापरला की टाकीबद्दल, ते विचारायची हिंमत झाली नाही.

चंद्रीचा उपचारही त्यांनी मूठ मूठच चालवला. आधी आठवडाभर पूर्ण उपास. थोडा थोडा चुना, आंबट मोडायला. मग रोज सकाळी निघोज्याहून येताना मोटरसायकलला झाकणाची बादली बांधून चुलतभावाच्या म्हशींचं ताजं शेण आणायचे. सुरक्षा अधिकाऱ्याने पहिल्या दिवशी बादलीचं झाकण उघडून तपासलं, पुढे कधी तपासलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तात्या माझ्याकडे आले आणि अगदी संकोचून म्हणाले, “सायेब, आता तिला वाटीभर सोसंल. कँटीनचं तेलकट नको. तुमच्या घरचं मिळंल का?”

म्हणजे एकीकडे मॅडम म्हणत होत्या, ही भाजी तुम्ही खा, आणि दुसरीकडे तात्या म्हणत होते, ही भाजी चंद्रीला द्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डब्यातल्या शेपूला दोन गिऱ्हाइकं होती. आम्ही निम्मी निम्मी केली. तात्या त्यांची निम्मी कोयत्याने आणखी बारीक करायचे, पाण्यात कालवायचे आणि ओतताना पुटपुटायचे, “घे, वैनींच्या हातची हाय.” मी माझी निम्मी गिळायचो. मला कुणी असं पुटपुटत नव्हतं.

महिनाअखेर आली. हेड ऑफिसची माणसं आली. शेगडीला काडी लावली, तर पिवळट ज्योत भकभकली, दोनदा निळी झाली आणि विझली. टाकीची टोपी वीतभर वर आली होती, एवढंच. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. तात्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, त्याखालची टोपी सारखी केली आणि हेल्मेट पुन्हा घातलं. मग टाकीवर हात ठेवून उभे राहिले. निरोप द्यायला उभं राहतात तसे.

मी शूर माणूस नाही. सोसायटीच्या सभेत मी हात वर करतो तो पंख्याचा वेग कमी करा म्हणून. पण तो हात बघून माझ्या तोंडून निघून गेलं, “साहेब, जिलेबी मी घातली होती.”

“काय?”

“दोन पातेली. आणि पाक. तात्यांनी नाही. चलनावर माझी सही आहे.”

“का घातलीत?”

“गॅस जास्त येईल म्हणून.”

साहेब मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तसं ते फक्त उलट्या बसवलेल्या बेअरिंगकडे बघतात. हेड ऑफिसच्या एका बाईंनी तोंडावर रुमाल धरला. तो वासासाठी नव्हता. शेवटी साहेब म्हणाले, “म्हणजे टाकी बिघडली नव्हती. तुम्ही बिघडवली.” मी हो म्हणालो. “मग पंधरा दिवस आणखी द्या तिला,” ते तात्यांना म्हणाले, “आणि यांना टाकीपासून लांब ठेवा.”

सगळे गेल्यावर मी तात्यांना म्हटलं, “माफ करा. आधीच सांगायला पाहिजे होतं.”

“ठावं व्हतं की,” ते म्हणाले. “चलन माझ्याच वहीत चिकटावलंय. येवढी मोठी सही, लांबनं दिसती.”

“मग बोलला का नाहीत?”

तात्या म्हणाले, “चंद्री आंबली तर मी तिला काय बोललो का? खुराक चुकला, दुरुस्त करायचा. माणसाचं बी तेच.” मग, फार गोड वाटू नये म्हणून असेल, पुढे जोडलं, “आन नवा मॅनेजर आला आसता तर त्यानं काय घातलं आसतं कुणास ठावं. तुमी निदान गोड घातलं.”

बाराव्या दिवशी ज्योत लागली. निळी, ताठ, आवाज करणारी. आचाऱ्याने तिच्यावर पहिलं आधण ठेवलं. तात्यांनी पहिला कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बिनसाखरेचा हाय. तुमचा उपास चालूच हाय.”

तीन महिन्यांनी माझी साखर काठाच्या अलीकडे आली. थोडीच, पण आली. डॉक्टर म्हणाले, चालण्यामुळे असेल. अनघा मॅडम म्हणाल्या, भाजीतल्या तंतूंमुळेही असेल, वजन उतरल्यामुळेही असेल, एका माणसावरून काही ठरत नसतं. तात्यांना सांगितलं तर त्यांनी माझ्या रिपोर्टकडे बघितलंही नाही. “ताट दावा,” म्हणाले. ताटात कढीपत्त्याच्या काड्या सोडून काही नव्हतं. ते पुढच्या माणसाकडे वळले. एवढी मोठी शाबासकी मला अप्रेझललासुद्धा मिळाली नव्हती.

गेल्या मे महिन्यात तात्या निवृत्त झाले. समारंभात त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि भाषण म्हणून एकच वाक्य बोलले, “सणाला सुट्टी घ्या, पण चावी कुणाकडं द्यायची ते बघून द्या.” सगळे हसले. मी जरा जास्त हसलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना प्राधिकरण वसाहतीतल्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. वसुधाने तात्यांबद्दल इतकं ऐकलं होतं की तिने सकाळपासून खपून स्वयंपाक केला. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेपूची भाजी, काकडीची कोशिंबीर. आणि तात्यांसाठी मुद्दाम, बाहेरून आणलेली जिलेबी. जिलेबीचं ताट मांडताना तिने माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. जिलेबीचा सगळा किस्सा तिला मी स्वतः सांगितला होता. माझ्या मते तेवढं कबूल केल्यावर माझं खातं चुकतं झालं होतं आणि पुढचं सगळं माफ होतं.

तात्या पाटावर बसतात तसे खुर्चीवर मांडी घालून बसले. भाकरी मोडली, शेपूचा घास तोंडात घातला आणि थांबले. डोळे मिटले. टाकीच्या रबडीचा वास घेताना मिटायचे तसे.

“वैनी,” ते म्हणाले, “ही भाजी मी वळखतो.”

“कशी?” वसुधाने कौतुकाने विचारलं.

मी टेबलाखालून पाय लांब केला, पण तात्यांची मांडी वर होती.

“बुधवारची आसायची. बारीक चिरलेली, लसूण जादा, डाळ कमी. लई नामी. आमची चंद्री लई खायची. सायेब रोज आणून घालायचे तिला, एक दिस चुकले न्हाईत. मेथी, माठ, शेपू, समदं. अख्खा डबा. आजारातनं ती उठली ती तुमच्या हातावर उठली, खोटं न्हाई सांगत.” आणि माझी बाजू राखावी म्हणून, प्रेमाने, “दिवाळीपासनं मातुर निम्मीच यायला लागली. निम्मी सायेबच खायचे.”

ज्या माणसाने दोन पातेली जिलेबी महिनाभर पोटात ठेवली, त्याने एक वाटी शेपू पाच मिनिटांत बाहेर काढली. त्यांच्या लेखी ती चुगली नव्हतीच, ती पावती होती. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, दोन वेढी जिलेबी खाल्ली, “माझी आतली मंडळी जुनी हाईत, त्यांना चालतं,” म्हणाले, आणि निघताना वसुधाला वाकून नमस्कार केला. ते आता निघोज्याला असतात. चुलतभावाच्या गोठ्यात एक पारडी घेतलीय, असं कळलं. नाव विचारायची गरज नाही.

त्यांना रिक्षात बसवून मी वर आलो. वसुधा ताटं आवरत होती. माझं ताट तिने उचलून दिव्याखाली धरून बघितलं. ते स्वच्छ होतं. ते ठेवलं. मग गणिताच्या बाई जशा फळ्याकडे तोंड करून बोलतात, तशी भिंतीकडे बघून म्हणाली, “उद्यापासून डबा चंद्रीच्याच नावाने भरते. तिचं खाऊन काही उरलं, तर तुम्ही खा.”